करवंटीचा नगारा

आयुष्यात मी एकच गाव बुडवलं, आणि तेही माझ्या सासऱ्यांचं. गाव कापडावर रंगवलेलं होतं, हे खरं. पण त्यामुळे माझं मन कधी हलकं झालं नाही, कारण कापडावरचा मुलूख आणि बाहेरचा मुलूख यांत सासरे फारसा फरक मानत नसत. मालवणात चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा माणूस त्या काळी सबंध किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा राजा होता. बाहेरचं जग त्यांना त्या मानाने जरा कच्चंच वाटे.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या गेल्या की सासऱ्यांचं राज्य माळ्यावरून खाली येई आणि पडवीत अंथरलं जाई. जुन्या शिडाच्या कापडावर सात बेटं, समुद्राला कपड्यांची नीळ, शिंपल्यांची गलबतं, चिंचोक्यांचं सैन्य आणि कवड्या टाकून करायच्या चाली. जादूगार होते, उडते मासे होते, दर सोमवारी जागा बदलणारा एक डोंगरही होता. शत्रू म्हणजे शेजारचा पेद्रू, पावाच्या भट्टीचा मालक. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रात पडला की युद्ध जागच्या जागी थांबे. तोवर मात्र उत्तरेच्या बेटावर दुष्काळ पडला तर सासरे बिनसाखरेचा चहा पीत. मासेवाली सुकी मासळी घेऊन दारात आली तर म्हणत, "आज नको गो, दर्यात लढाई चल्ली आसा." ती टोपली न उतरवताच विचारी, "खंयच्या दर्यात, मास्तरांनू?" हे शांतपणे सांगत, "पडवीतल्या." पेद्रू तर पाव द्यायला आला तरी धमकी देऊन जाई, "तुमचां आरमार माज्या भट्टीत घालतंय, बगा!" त्यावर सासरे पाव दाबून बघत आणि म्हणत, "आदी भट्टी नीट पेटव रे."

या सगळ्यांशी मालवणीत बोलणारा हा माणूस माझ्याशी मात्र क्रमिक पुस्तकातलं मराठी बोले. मी जावई, शिवाय घाटावरचा, कणकवलीला सरकारी कचेरीत नोकरीला. "जावयबापू, आपण कवड्या टाकाव्यात," असं ते म्हणाले की मला खेळायला बसलोय की सत्काराला, हेच कळत नसे.

कापडाच्या कोपऱ्यात एक नगारा असे. अर्धी करवंटी, वर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं, सगळ्याला काजळी फासलेली, आणि वाजवायला खराट्याचा एक हीर. तो शापित होता. वाजवला की शत्रूचं सगळं आरमार बुडणार, पण वाजवणाऱ्याच्या किनाऱ्यावरचं एक गावही समुद्र घेणार. तो कधी कोणी वाजवला नव्हता. पेद्रू त्याच्याजवळून गलबत नेताना छातीवर क्रूस काढत असे.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात सासऱ्यांनी मान म्हणून स्वतःचा दक्षिण किनारा मला दिला. मी तो महिनाभरात जवळजवळ हरलो. पेद्रूची गलबतं दारात येऊन ठेपली आणि तो खदाखदा हसत म्हणाला, "घाटावरच्यांका पोहूक येता खंय?" मला ते लागलं. मी हीर उचलला. पेद्रूचं हसू थांबलं. चहा घेऊन आलेली माझी पत्नी उंबऱ्यातच उभी राहिली.

"जावयबापू, सुरंगवाडी जाईल," सासरे म्हणाले.

"जाऊ द्या की! एक गाव गेलं तर काय बिघडतं?"

मी नगारा वाजवला. आवाज अगदीच किरकोळ आला. पेद्रूने आपली गलबतं मुकाट्याने गोळा केली. सासरे उठले, वाटीत नीळ कालवून आणली आणि सुरंगवाडीवरून कुंचला फिरवला. मग म्हणाले, "विजयी झालात. चहा घ्यावा."

परतताना एस्टीत, कसालचा थांबा गेल्यावर पत्नीने सांगितलं की सुरंगवाडी तिच्या आईने रंगवली होती. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. त्यांना सुरंगीच्या फुलांचे वळेसर केसांत माळायला फार आवडे, म्हणून ते नाव. गावातली बाव, म्हणजे विहीर, हा त्यांनी बोटाने लावलेला कुंकवाचा ठिपका होता. सबंध कापडावर त्यांच्या हातचं तेवढंच होतं.

"मग कोणी थांबवलं का नाही मला?"

"जावयाला कोण थांबवणार? किनारा मानाने दिलेला. बाबांनी परत मागितला असता होय?"

शापाला उतारा होता. बुडालेलं गाव वर यायला वाजवणाऱ्यानेच उभं राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं, देवळात घालतात तसं, आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एवढंच. पण कचेरीतला माणूस मी, पडवीत उभा राहून चिंचोक्यांसमोर काय ओरडू? पुढच्या पावसाळ्यात बघू, म्हणत राहिलो. सासऱ्यांनी कधी विषय काढला नाही. फक्त त्यानंतर ते कापड असं अंथरत की तो निळा डाग त्यांच्या बाजूला येई, मला दिसत नसे.

मग एका पावसाळ्यात होड्या वर आल्या तरी कापड खाली आलंच नाही. सासऱ्यांना धूसर दिसू लागलं होतं. "राज्य आता विश्रांती घेत आहे," ते मला म्हणाले. मी माळ्यावर चढलो. कापडाला कसर लागली होती, घड्यांवर ते विरत चाललं होतं. मी ते पडवीत अंथरलं, डाग माझ्याकडे करून, आणि हात जोडून उभा राहिलो. माझी मालवणी तेव्हाही वाईटच होती.

"बा सुरंगवाडी म्हाराजा!"

मग दारातून पत्नी हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"हो घाटावरचो मनीस आज तुज्यासमोर उभो आसा..."

"व्हय म्हाराजा!" हे कुंपणापलीकडून, पिठाच्या हातांनी धावत आलेल्या पेद्रूचं, सर्वांत मोठ्याने.

"त्येनां रागाच्या भरात तुका बुडवल्यान. तुझी किंमत त्येका कळाक नाय. आणि कळली तेव्हा माफी मागूक त्येका लाज वाटली. ती चूक पोटात घाल, आणि वर ये रे म्हाराजा..."

सासरे खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मान वर करून ते म्हणाले, "व्हय म्हाराजा."

पत्नीने देवघरातून कुंकवाची कोयरी आणली. मी ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बोट बुडवलं, कापडावर नेलं, पण विहिरीची जागा त्यांना सापडेना. त्यांनी माझं मनगट चाचपून धरलं आणि त्या निळ्या डागावर आणून ठेवलं.

"माका दिसणा नाय," ते म्हणाले. "बाव तूच काढ रे."