चौसाळ्याच्या टेकडीवरची टकटक

तेलगावहून बीडला येऊन मी चौसाळ्याची एसटी धरली. मांडीवरचा वॉकीटॉकी टकटक करत होता, सेकंदाला एक. शेजारच्या काकांनी आपली पिशवी माझ्यापासून जरा लांब सरकवली.

"घड्याळ हाय का दुसरं काई?"

"वायरलेस आहे, काका. सरकारी परवाना आहे माझ्याकडे."

"परवाना हाय, मग बोलत कावून न्हाई ते?"

तेच शोधायला निघालो होतो. चौसाळ्याजवळच्या टेकडीवर आमच्या हौशी रेडिओ मंडळाचा रिपीटर आहे. लांबचा दुबळा आवाज तो ऐकतो आणि दुसऱ्या लहरीवर जोरात पुढे पाठवतो. मागच्या पुरात मोबाइल बंद पडले, तेव्हा ओढ्याकाठच्या वस्त्यांचे निरोप त्याच्यावरूनच गेले. आता ही टकटक त्याच्या कानात बसली होती आणि लांबचा माणूस तिच्याखाली गाडला जात होता. दोन दिवसांत मोठा पाऊस येणार, असा इशारा होता.

तो रिपीटर मी बसवलेला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. डोंगरावरचं यंत्र आमच्या पोरानं केलं, असं आई अजून सांगते. दुसऱ्या कुणाला पाठवायचा प्रश्नच नव्हता.

चौसाळ्यात उतरून भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची तिखट आमटी) मागवली. एरवी मी वाटी पुसून घेतो. त्या दिवशी अर्धी भाकरी ताटातच राहिली. दक्षिणेकडून ढग येत होते.

टेकडीची वाट कमरेएवढ्या गवतातून होती. एकदा घसरलो, गुडघा फुटला, पण मीटरची पेटी वर धरली. वर पत्र्याची खोली, खांब, आणि खांबाला तोलून धरणारे चार ताण (जाड तारा). त्यांतला एक ताण शेजारच्या शेताच्या मालकीण कौसामावशींच्या बांधात रोवलेला. जागा त्यांनी नुसत्या शब्दावर दिली होती. मावशी बांधावरच होत्या.

"आलं का सायेब. दुखणं काय हाय त्याला?"

"बघतो, मावशी."

वीज तोडून यंत्र बॅटरीवर लावलं. टकटक तशीच. अँटेना सोडवली, तर एकदम शांत. म्हणजे यंत्र निरोगी होतं आणि रोग बाहेरून येत होता. एवढं कळायला दोन तास गेले. बाहेर कुठून, ते सापडेना. वॉकीटॉकी घेऊन खोलीभोवती, खांबाभोवती फिरलो. खाली हायवेवरच्या गाड्यांनी दिवे लावले होते आणि बीडची शेवटची गाडी चुकली असती, तर मुक्काम त्या पत्र्याखालीच होता.

बांधाजवळ वाकून ताणाची गाठ बघत होतो, तेवढ्यात कोपराला सणसणीत झटका बसला. त्याच क्षणी वॉकीटॉकीत टक.

मावशी हसल्या. "कुंपण हाय ते. बघून चाला की."

झटका मशीन (कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारी पेटी). रानडुकरांसाठी आता घरोघर असते. पण कुंपणाची तार आमच्या ताणालाच बांधलेली होती, मध्ये झटका अडवायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. ट्यूब उन्हाने तडकली होती आणि तिथे बारीक निळी ठिणगी उडत होती. सेकंदाला एक.

"मावशी, आमच्या ताणाला तार कुणी बांधली?"

"मीच. इचारून बांधली. तुमीच म्हणलता, बांधा, काई होत न्हाई, मी शिकलेला माणूस हाय."

म्हणालो होतो. त्यांनी जागा दिली होती, तार बांधायला त्यांचा एक डांब (लाकडी खांब) वाचत होता, नाही कसं म्हणायचं? आणि ट्यूब तर मीच कापून दिली होती.

"मशीन जरा बंद करा."

"लई येळ न्हाई हां. आदीच झटका दमलाय. डुकरं भीतच न्हाईत आता, मक्याच्या चार सऱ्या लोळवल्या."

अर्थात. निम्मा झटका माझ्या खांबातून जमिनीत जात होता. मी मान हलवली आणि पक्कड काढली. मावशींनी बाभळीचा डांब दिला. तो ताणापासून लांब रोवला, चिनी मातीची गुट्टी (वीज अडवणारा गट्टू) ठोकून तार तिच्यावर घेतली. मावशींनी मशीन लावलं, गवताची ओली काडी तारेला टेकवली आणि हात झटकन मागे घेतला.

"आता कसं."

वॉकीटॉकी गप्प होता. खोलीतल्या वहीत लिहिलं: दोष, ताणाला कुंपणाची तार. बांधू देणारा, मी. पेन थोडं अडलं, पण लिहिलं.

शेवटच्या गाडीत बसलो आणि बाहेर थेंब सुरू झाले. चकलांब्याहून आमच्या मंडळातले एक मास्तर वॉकीटॉकीवर बोलले. आवाज बारीक, पण प्रत्येक शब्द सुटा. काय बिघडलं होतं, त्यांनी विचारलं. खरं ते सांगितलं. ते पोटभर हसले आणि मलाही बरं वाटलं.

घरी पोचलो तर आई जागीच होती. "केलास नीट?"

"केला." तिलाही सगळं सांगितलं: ट्यूब, ठिणगी, मक्यात शिरलेली डुकरं, वहीत कबूल केलेली माझी चूक. जरा ऐटीतच सांगितलं.

तिने ताट वाढलं. मग म्हणाली, "त्या बाईचा मका किती गेला रं?"

चार सऱ्या. मावशींनी सांगितलं होतं. वहीत मी ते लिहिलं नव्हतं.