धोंड्याची पुनव

शिमशोन झिराडकर कोकणातून चिखलीच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आला आणि इथलाच होऊन गेला. गावात यहुद्यांचं घर एवढं एकच. मुसलमान त्याला हिंदू समजत, हिंदू त्याला ख्रिस्ती समजत, आणि तो हसून दोघांनाही पुड्या बांधून देई. सणवार सारे बायकोच्या, हन्नाबाईच्या, अंगावर. मिसर देशाच्या गुलामीतून सुटका झाली त्याचा सण म्हणजे पेसाह. तो कधी येतो हे ती मुंबईहून मागवलेल्या कॅलेंडरात बघून सांगे. यानं आपली सोपी खूण धरली होती: हनुमान जयंतीची पुनव तीच आपली. इतकी वर्षं खूण चुकली नव्हती. न चुकणाऱ्या गोष्टीवर माणूस डोळे मिटून विसंबतो, आणि तिथंच घात होतो.

हन्नाबाई वारली आणि कॅलेंडर मागवायचं राहून गेलं. त्याच वर्षी एकुलती एक लेक, दीना, नवऱ्यासोबत कायमची इस्राएलला निघाली. तिनं ठाण्याहून कळवलं, ‘पेसाहच्या रात्री येते. सकाळीच परतावं लागेल, लगेच जायचंय.’ एवढी एकच भेट उरली होती, हे बापालाही कळत होतं.

यंदा चैत्रातच धोंडा आला, म्हणजे अधिक महिना. घरोघरी जावयांना बोलावणी गेली, अनारसे तळले जाऊ लागले. शिमशोननं हिशेब केला, आधी हा धोंडा, मग खरा चैत्र, हनुमान जयंती त्यात. अजून महिना आहे. मग लोणारच्या पुंजाजीनं, जुन्या दोस्तानं, बोलावलं तसा तो घराला कुलूप घालून गेला. पुनवेच्या चांदण्यात दोघं गप्पा मारत बसले, चहात पाव बुडवून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतला, तर शेजारची सोजराबाई दारात उभी.

“दादा, कुठी गेलते तुमी? दीना आलती ना काल!”

“काल? काल काऊन?”

“म्हने आज सन हाय, बाबा येतीलच. म्या घरात ये म्हनलं तं आली नाई. रातभर तुमच्या ओट्यावर बसली. सकायच्या मोटारीनं गेली. लय रडली हो पोरगी.”

“कालचा कसा सण? हनुमान जयंतीले महिना हाय अजून!”

“ते तं आमची जयंती, दादा. धोंड्यानं पुढं ढकलली. तुमच्या सनाले आमचा धोंडा कायले अडवते?”

शिमशोन ओट्यावर बसला. धावून उपयोग नव्हता. मोटार केव्हाच गेली होती. सोजराबाईनं त्याच्या पुढ्यात दीनानं ठेवलेलं गाठोडं सरकवलं. आत बिनखमिराच्या रोट्या आणि खजूर होते; पेसाहात खमिराचा पाव चालत नाही.

इस्राएलबाहेरचे यहुदी पेसाहचं ताट दोन रात्री मांडतात. पहिली गेली, दुसरी हातात होती. संध्याकाळी त्यानं ताट मांडलं. खजुराचा शिरा केला. गुलाम बापजाद्यांनी विटांसाठी तुडवलेल्या गाऱ्याची ती आठवण. आसवांसाठी वाटीत मिठाचं पाणी, कष्टांसाठी कडुनिंबाचा पाला, उकडलेलं अंडं. बळीची आठवण म्हणून कोकराचं हाड लागतं, ते आयत्या वेळी कुठून मिळणार? ती जागा तशीच ठेवली. शिवाय संत्रं. हे कुठल्या धर्मग्रंथात नाही. हन्नाबाईचा भाऊ इस्राएलला गेला त्या वर्षी तिनं त्याच्या नावानं एक ठेवलं आणि घरात रीतच पडली. यंदा शिमशोननं शेजारी दीनाच्या नावानं दुसरं ठेवलं. ठेवताना तो मोठ्यानं रडला.

रीतीप्रमाणे ताटापाशी घरातल्या धाकट्यानं विचारायचं, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? विचारायला कुणी नव्हतं. त्यानंच विचारलं, पोथीतलं उत्तर मात्र वाचवेना.

जेवण झाल्यावर एलियाहू नबीसाठी प्याला भरून दार उघडायचं असतं. आजवर न आलेल्या त्या पाहुण्यासाठी त्यानं एकही वर्ष दार उघडायचं चुकवलं नव्हतं. आजही उघडलं. समोर रिकामा ओटा. जी खरोखर आली होती, तिला मात्र कुलूप बघून जावं लागलं.