पाच डबे आणि एक हंडा

डोळे मिटायचे, उजव्या हाताचा पंजा कानामागे धरायचा, मान जराशी तिरपी करायची आणि थोड्या वेळानं निकाल द्यायचा, "सर, मागून काई येऊन नाई राह्यलं." यवतमाळच्या स्पीकरच्या दुकानांत मुनीमजींनी हा निकाल इतक्यांदा दिला, की पुढे पुढे आम्हाला रस्ता ओलांडताना पाहूनच दुकानदार घाईघाईनं जेवायला निघायचे.

मुनीमजी म्हणजे आमच्या दिग्रसच्या एका जिनिंगचे, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचे, हिशेबनीस. कापसाचे दिवस फिरले, गाड्या येईनाशा झाल्या आणि एका वर्षी जिनिंगच्या फाटकाला कुलूप लागलं. मी त्यांच्याच गल्लीत संगणकाचे वर्ग चालवायचो. म्हणून वयानं निम्मा असूनही मी त्यांचा 'सर'. ज्याला माऊस धरता येतो त्याला जगातलं सगळंच येतं, अशी त्या काळी गावाची पक्की समजूत होती. कुणाचा मिक्सर बिघडला तरी मला बोलावणं यायचं.

मुनीमजींचा मुलगा पुण्याला. त्यानं वडिलांसाठी संगणक पाठवला आणि बरोबर अट घातली. घरी बसून दुकानदारांचे हिशेब लिहिणं जमलं तर दिग्रसला राहा, नाही जमलं तर आईला घेऊन पुण्याला या. मुनीमजींना पुण्याला जायचं नव्हतं. "तिथं मले कोण ओळखते? रस्त्यानं चाललो तर कोणी रामराम नाई घालत," म्हणायचे. बैठकीत टेबल लागलं, दारावर पाटी लागली, किराणावाला आणि औषधवाला आपापली बिलं पिशवीत भरून देऊन गेले. आणि ज्या माणसाची बेरीज जिनिंगमध्ये कधी कुणी तपासली नव्हती, त्याची बेरीज चुकायला लागली.

"बेरीज संगणक करतो मुनीमजी, तुम्ही कशाला करता?" मी म्हटलं.

"तो करते. पण त्याले कोण तपासते?"

"बरं, पण चुकते कशानं?"

ते इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "सर, इथं लय शांत हाय."

हे खरंच होतं. उभा जन्म त्यांनी यंत्रांच्या धडधडीत आकडे जुळवले होते. घरातल्या शांततेत त्यांना आधी पंखा ऐकू यायचा, मग काकूंचा कुकर, मग समोरच्या घरातलं नवरा-बायकोचं भांडण. त्यात चूक कुणाची हे ठरवेपर्यंत इकडे हातचा निसटून गेलेला असायचा.

उपायही त्यांनीच काढला होता. जिनिंग बंद व्हायच्या आधी त्यांनी टेपरेकॉर्डर नेऊन टेबलावर ठेवला होता आणि अख्खी कॅसेट भरून जिनिंगचा आवाज आणला होता. तुम्ही-आम्ही लग्नातल्या सनईची कॅसेट जपतो, तशी ती कपाटात रुमालात गुंडाळलेली होती. मी ती संगणकावर चढवून दिली. पण संगणकाबरोबर आलेल्या इवल्याशा दोन स्पीकरमधून जिनिंग अशी वाजली, जणू कुणी खिडकीबाहेर सुपारी कातरत आहे.

"नाई जमत," मुनीमजी म्हणाले. "माह्या टेबलापुढं यंत्रं होती अन् पाठीमागं गाठी बांधाची प्रेस. प्रेस मागूनच आली पायजे. चारी अंगानं आवाज असल्याबिगर माणूस मधात कसा बसन?"

म्हणून आम्ही एसटीनं यवतमाळला. पहिल्या दुकानदारानं मोठ्या हौसेनं पाच स्पीकरांचा संच जोडला आणि एक हेलिकॉप्टर आमच्या डोक्यावरून पुढून मागे, मागून पुढे फिरवलं. मी तर खाली वाकलो. मुनीमजी डोळे मिटून बसलेले. हेलिकॉप्टर उतरल्यावर म्हणाले, "बरं हाय. पण माह्या हिशेबात हेलिकॉप्टर कुठी हाय? हे लावा." आणि त्यांनी पिशवीतून मी भरून दिलेली जिनिंगची सीडी काढली.

जिनिंग सुरू झाली तसा दुकानदाराचा चेहरा उतरला. "अरे बंद करो, स्पीकर का कोन फट गया!" असं ओरडत तो वायरी उपटायला धावला. मुनीमजींनी त्याचा हात धरला. "फाटलं नाई हो. हे असंच हाय." दुसऱ्या दुकानात तर नोकरानं मेन स्विचच बंद केला.

कॅसेटमध्ये आणखी एक गंमत होती. धडधड चालू असताना मध्येच जिनिंगचा चहावाला "मुनीमजी, चाऽऽय!" अशी आरोळी ठोकायचा. ती ऐकली की मुनीमजींचा हात आपोआप पुढे व्हायचा. तिसऱ्या दुकानात मालकाला वाटलं आम्हीच मागितला, त्यानं चहा मागवला. त्याच दुकानातून आम्ही संच घेतला.

पाच लहान डबे आणि जमिनीवर ठेवायचा एक मोठा. मोठ्याला मुनीमजी हंडा म्हणायचे. आता खरी अडचण माझी होती. कॅसेटमध्ये सगळा आवाज एकात एक मिसळलेला, त्यातून प्रेस तेवढी मागे कशी पाठवणार? नशिबानं जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली होती आणि एकटीच प्रेस चालू होती. तेवढा तुकडा कापून, जोडत जोडत लांबवला आणि मागच्या दोन डब्यांना दिला. मुनीमजींनी पंजा कानामागे धरला. मग डोळे पुसत म्हणाले, "आली."

त्या दिवसापासून बेरजा बिनचूक. गल्लीला त्रास झाला, पण जिच्या घराघरातलं कुणी ना कुणी जिनिंगमध्ये होतं ती गल्ली तक्रार कशी करणार? खरा त्रास होता तो काकूंना. दर आरोळीला चहा द्यावा लागायचा. "त्या मेल्याले कॅसेटीतून काढा हो सर," त्या मला बजावायच्या.

मग एका बाजाराच्या दिवशी दारात कापसानं भरलेली बैलबंडी येऊन थांबली. मी तिथंच होतो. बंडीवरून म्हातारा शेतकरी उतरला आणि धापा टाकत आत आला. "सुरू झाली म्हणा जिनिंग! मी तर मोठ्या रस्त्यावरूनच आवाज वळखला. व्यापाऱ्यानं भाव लय पाडून कापूस मांगतला, म्हणून वापस चाललो होतो."

मुनीमजींनी त्याला डबे दाखवले. म्हाताऱ्यानं टेबलाखाली पाहिलं, संगणकामागे पाहिलं, हंड्यात हात घालून पाहिला. "मंग कापूस कुठून टाकता?" त्यानं विचारलं. तेवढ्यात आरोळी आली, काकूंनी चहा आणला, म्हातारा चहावाल्याला शोधायला मागच्या दारापर्यंत जाऊन आला. आम्ही हसून हसून बेजार झालो, तोही हसला. पण बंडी वळवताना तो एकदा थांबला आणि पुन्हा कान देऊन ऐकू लागला. तेव्हा मुनीमजी हसायचे थांबले.

"हे बरं नाई, सर," ते म्हणाले. "आज हा आला, उद्या अजून कोणी येईन. मी आपला आवाज लावून बसन अन् लोकं बंड्या वळवतीन." त्यांनी उठून पुढच्या तिन्ही डब्यांच्या वायरी काढल्या आणि हंड्यावर चादर टाकली.

मी हेडफोन आणून दिला. तो त्यांनी घातला आणि लगेच काढला. "मी जिनिंगमधात बसत होतो, सर. हे तर जिनिंग माह्या डोस्क्यात बसून राह्यली."

नुसती प्रेस मागून धपधप करायची, पुढे सगळं सुनं. किराण्याची तूरडाळ औषधांच्या खात्यात गेली. औषधवाल्यानं हसत हसत पिशवी परत नेली, किराणावाल्यानं न हसता. मी किती सांगितलं, की बंड्या येतील तेव्हा बघू, लावा वायरी. ऐकलं नाही. मला त्यांचा राग आला होता आणि फार मायाही वाटत होती. त्याच उन्हाळ्यात मुलगा येऊन दोघांना घेऊन गेला.

शेवटचे भेटले ते पुण्यातच. काकूंनी दार उघडलं आणि काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकूच आलं नाही. घराच्या तिन्ही बाजूंना नव्या इमारती उठत होत्या. समोर खडी कालवणारी यंत्रं, बाजूला लोखंड कापणारी करवत, मागे जमिनीत खांब ठोकणं चाललेलं. शेजारीपाजारी खिडक्या लावून, कपाळाला हात लावून बसलेले. "फुकटात जिनिंग भेटली यायले!" काकू माझ्या कानात ओरडल्या आणि बाल्कनीकडे बोट दाखवलं.

मुनीमजी बाल्कनीत बसून सोसायटीचे हिशेब लिहीत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो तर न बघताच डावा हात वर करून मला थांबवलं. बेरीज संपवली, खाली रेघ ओढली आणि मग वर पाहिलं. इतके आनंदले, की मला भरून आलं. खुर्ची ओढून देत त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "औंदा तिकडं कापसाले काय भाव हाय?"

मी भाव सांगितला. तो सांगण्यासारखा नव्हता. पण तेवढ्यात खांबावर जोराचा घाव बसला आणि माझा आवाज त्यात बुडाला.

"बरा हाय ना?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"मंग होईन जिनिंग सुरू," मुनीमजी म्हणाले आणि पान उलटून पुढच्या बेरजेला लागले.