दाढीवालं निळं फूल
पाण्याच्या टाकीमागच्या उतारावरचं गवत मावशी एकोणीस वर्षं कापत होत्या. फुलांचं त्यांना कौतुक नव्हतं. पण त्यांच्या हाताला डोळ्यांपेक्षा जास्त कळायचं. रस्त्याकडेच्या निळ्या फुलांचा देठ गुळगुळीत. उतारावरची फुलं तशीच निळी, पण देठावर खरखरीत लव. शिवाय बाकीची सुकली की मग ही फुलायची, जेवणं उरकल्यावर पोचणाऱ्या पाहुण्यांसारखी.

एकदा कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन आल्या आणि त्या फुलाचं लांबलचक नाव सांगू लागल्या. मावशींना राहवेना.

"मॅडम, हे ते नव्हे. याला दाढी आहे."

मुलं फिदीफिदी हसली. मॅडमनी भिंग लावलं आणि त्या गवतातच बसकण मारून बसल्या.

दोन वर्षं मोजमापं चालली. शेवटी ठरलं, ही वेगळी उपप्रजाती. रस्त्याकडेच्या फुलाचं सख्खं भावंड, पण चेहरामोहरा स्वतःचा. सापडते फक्त या उतारावर. रोपं एकशे बारा.

मग काय, पाणीखात्याने कुंपण घातलं, पाटी लावली: 'गवत कापण्यास सक्त मनाई.' नवरा म्हणाला, "बरं झालं, कंबरेला आराम." मावशी दिवसभर फुरंगटून बसल्या.

पुढच्या हंगामात गवत कमरेला लागलं आणि रोपं उरली सव्वीस. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं.

"रोग पडला असेल का हो, मावशी?"

"रोग कसला! गवताने गळा आवळलाय. मी कापायचे म्हणून ऊन मिळायचं."

"पण मग फुलंही कापली जात असतील ना?"

"छे! माझा विळा तिथे पोचेपर्यंत बी गळून गेलेलं असायचं."

"मुद्दाम थांबायचात?"

मावशी ओशाळल्या. "उतार अवघड हो. कंटाळा यायचा, म्हणून शेवटी ठेवायचे."

मॅडम पोट धरून हसल्या. अहवालात मात्र त्यांनी 'उशिरा कापणी' असं भारदस्त लिहिलं. पाटी उतरली, कुंपणाच्या फाटकाची किल्ली मावशींकडे आली, आणि तिसऱ्या वर्षी रोपं दोनशेवर गेली.

त्याच वर्षी ऐन बहरात पाणीखात्याचे साहेब आले. पाहुणे येणार होते. उतार आजच्या आज चकाचक हवा होता.

"बी पडू द्या. महिन्याने या," मावशी म्हणाल्या.

"साहेब कोण, तुम्ही की मी?"

"तुम्हीच. पण किल्ली माझ्याकडे आहे."

साहेबांनी मॅडमना फोन लावला. पलीकडून काय ऐकलं कोण जाणे. ते मुकाट्याने गाडीत बसले. मावशी फाटकाजवळ खुशाल चहा पीत राहिल्या.