हात घालून पाहणारे अण्णा

पाळकसाहेब "आपण प्रार्थना करू या" म्हणाले की आमच्या देवळातल्या सगळ्या माना खाली जायच्या, सगळे डोळे मिटायचे आणि एक मान मात्र ताठ राहायची. ती अण्णांची. खिडकीकडच्या बाकाच्या कडेला बसून ते प्रार्थना संपेपर्यंत मंडळीवरून नजर फिरवत राहायचे. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसलेला जागल्या बघतो, तसे. म्हणून त्यांचं नावच जागल्या अण्णा पडलं होतं. एकदा पंचांच्या सभेत कुणीतरी तक्रार केली, की अण्णा प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतात. अण्णांनी अगदी शांतपणे विचारलं, "मंग तुला कसं दिसलं बाबा?" तक्रार तिथंच बारगळली. मला ते दर रविवारी दिसायचं, पण मला कुणी विचारत नव्हतं. मी देवळात पेटी वाजवते. पेटी मंडळीकडे तोंड करून ठेवलेली असते, आणि आमेननंतर लगेच सूर धरायचा म्हणून माझेही डोळे अर्धेच मिटलेले असतात.

आमचं देऊळ म्हणजे जवळा बाजारच्या अलीकडे, रस्त्याला लागून, वर पत्रे असलेली एक लांबट खोली. मंडळी थोडी, त्यामुळे कोण कसा दिसतो हे सगळ्यांना पाठ. अण्णांचा राग नेमका या दिसण्यावर होता. त्यांची सगळी उमर एका जिनिंगवर गेली. कापसाच्या गाड्या आल्या की त्यांत हात घालून पाहायचं, हे त्यांचं काम. वजन वाढावं म्हणून मधल्या कापसावर पाणी मारायचं आणि वरून कोरड्या, शुभ्र कापसाचा थर पसरायचा, ही युक्ती आमच्याकडे नवी नाही. अण्णा बाही वर सारायचे, खांद्यापर्यंत हात गाडीत खुपसायचे आणि आत बोटं फिरवायचे. लहानपणी वडिलांबरोबर गेले असताना मी ते पाहिलं आहे. त्या वेळी मात्र अण्णा डोळे मिटून घेत. हात बाहेर काढून "वल्लं हाय" म्हणाले, की गाडीवाल्याने कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग नसे.

जिनिंगवरची नोकरी सुटली, सवय सुटली नाही. मग ते मंडळीच्या मागे लागले. "वरचा कापूस समद्यायचाच पांढरा ऱ्हायते," असं म्हणून ते प्रत्येकाकडे संशयाने बघायचे. कुणी उपवास केला म्हटलं, की अण्णा त्याच्या बायकोला विचारायचे, "उपासाच्या दिवशी तुला किती येळा वरडला?" त्यांच्या पवित्र शास्त्राच्या पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. एका पाहुण्या उपदेशकाने व्यासपीठावरून ते पुस्तक उंच धरून सांगितलं, की बघा, वाचून वाचून काय अवस्था झाली आहे! अण्णा जागेवरून म्हणाले, "उंदरानं खाल्लं हाय साहेब." मलाही सोडलं नाही. नाताळच्या उपासनेनंतर सगळे माझं कौतुक करत होते, तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "पेटी लई गोड वाजवून राहिलीस बाई. मला तं त्या गोडीचाच संशय येते." मी आठवडाभर फुगून बसले होते.

माणसाची परीक्षा रविवारी होत नाही, बुधवारी होते, असं त्यांचं ठाम मत होतं. बुधवारी ते कुणाच्याही घरी न सांगता जायचे. चहा घ्यायचे नाहीत. ओट्यावर बसायचे आणि नुसतं ऐकायचे. घरातला माणूस अण्णांशी ज्या आवाजात बोलतो त्याच आवाजात सुनेशी बोलतो का, एवढंच. आमच्याकडे एक स्तुतीकाका आहेत. दर वाक्याला "प्रभूची स्तुती असो" म्हणतात, म्हणून हे नाव. पांढरा सदरा, चेन लावलेल्या काळ्या पिशवीत शास्त्र, आणि साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभे राहिले की डोळ्यांना धार. अण्णा एका बुधवारी त्यांच्याकडे गेले आणि परसात, गुरांच्या पत्र्याखाली, काकांच्या म्हाताऱ्या आईची बाज बघून आले. म्हातारीजवळ दुपारभर बसले, काकांना एक शब्द बोलले नाहीत. त्या रविवारी काका साक्ष देताना रडायला लागले, तेव्हा अण्णा माझ्याकडे बघून पुटपुटले, "पानी मारलेलं हाय." मला हसू आवरेना आणि पुढच्या गीताचा सूर चुकला.

अशा अण्णांच्या हाती मार्थाबाईचं प्रकरण गेलं, तेव्हा बाईचं काही खरं नाही असंच मला वाटलं. मार्थाबाई जन्माने ख्रिस्ती, परभणीकडची. लग्न मात्र शिरड शहापूरच्या बाजूच्या एका हिंदू शेतकऱ्याशी झालं आणि सासरी ती कौसल्या झाली. बरीच वर्षं देवळाचं तोंड पाहिलं नव्हतं. अलीकडे ती पुन्हा उपासनेला यायला लागली होती. शेवटच्या बाकावर बसायची, गीतं सगळी पाठ, आवाज मोकळा. पण कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. आमच्या मंडळीत बायका कुंकू लावत नाहीत. कुठे लिहिलेलं नाही, पण तसा रिवाज आहे, आणि लिहिलेल्यापेक्षा तो आम्ही जास्त पाळतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचं ताट तिच्या बाकापाशी आलं की वाढणारा पंच तिच्या कपाळाकडे बघायचा आणि ताट परत न्यायचा. ती हात पुढे करायची नाही, पण दर वेळी मान मात्र वर करायची.

शेवटी तिने पाळकसाहेबांना सरळ विचारलं, की मला भोजनाला का बसू देत नाही? पाळकसाहेब तरुण, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी विषय पंचांपुढे ठेवला. स्तुतीकाका म्हणाले, "स्तुती असो, पण या बाईचे पाय दोन्हीकडे आहेत. आधी कुंकू पुसावं, मग ताटाला हात लावावा." कुणी म्हणालं, नवऱ्याकडच्यांनी बघायला पाठवली असेल. कुणाला वाटलं, तिला मंडळीकडून काहीतरी हवं आहे. संशयाला आमच्यात कधीच तोटा नव्हता. अखेर चौकशी अण्णांवर सोपवून सगळे निर्धास्त झाले.

मी शाळेत शिकवते. बुधवारी शाळा सुटल्यावर मी अण्णांना स्कूटीवर मागे बसवून तिच्या वस्तीवर घेऊन गेले. मार्थाबाई दारातच मिरच्या निवडत बसली होती. आम्हाला बघून गडबडली, पण आत घेतलं. आत बाजेवर तिचा नवरा, कुंडलिकराव. अर्धांगवायूने अंग गेलेलं, वाचा गेलेली. फक्त डोळे दाराकडे वळले आणि आमच्यावर खिळले.

अण्णांनी बसायच्या आधीच विचारलं, "देवळात काहून येतीस?"

"तिथं बसलं की जीव थाऱ्यावर येते अन्ना."

"याला पुसून येतीस का चोरून?"

"पुसून येते. पापणी हालवते ते. व्हय म्हन्ते."

"मंग कुंकू काहून पुसत न्हाईस? लोकायला तकलीफ होऊन राहिली."

मार्थाबाईने बाजेकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "अन्ना, ह्यायचं समदं अंग गेलं, आता जे हाय ते डोळ्यात हाय. सकाळी डोळे उघडले की पयलं माझं कपाळ पाह्यतेत. एक दिस ताप होता म्हून मी तशीच मोकळ्या कपाळानं चहा घेऊन गेले. तं डोळ्याला पानी लागलं, चहा घोटंना. त्यायला वाटलं, आपून मेलो. मी प्रभूसाठी समदं सोडीन. पर जित्या मानसाला तू मेलास असं कसं सांगू?"

मला गहिवरून आलं. अण्णांना आलेलं दिसलं नाही. त्यांनी मार्थाबाईकडे बघितलं, बाजेकडे बघितलं, आणि मला वाटलं, या माणसाला आताही संशयच येतो आहे. खरंच येत होता. "मानूस बोलाया सगळाच गोड बोलते," असं म्हणून ते बाजेपाशी गेले, उजवी बाही वर सारली, आणि कुंडलिकरावांच्या पाठीखाली हात घातला. मनगट, कोपर, पार खांद्यापर्यंत. आत बोटं फिरवायला लागले आणि त्यांनी डोळे मिटले. देवळात इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसून मी ते डोळे मिटलेले कधी पाहिले नव्हते. कितीतरी वेळ ते तसेच वाकून उभे होते. मग त्यांनी हात काढला, बाही खाली केली आणि म्हणाले, "कोरडं हाय. एक जखम न्हाई."

त्या दिवशी त्यांनी चहा मागून घेतला.

परत येताना मागून त्यांचा आवाज आला. "माझी बायकू अशीच पडून होती. मी तवा देवळात साक्ष देत फिरायचो. समदे म्हनायचे, अन्नाचा इस्वास पाहा. एक दिस घरी येऊन तिच्या पाठीखाली हात घातला, तं वल्लं. चिघळलं होतं समदं. ती बोलली न्हाई कधी." मी स्कूटी हळू केली. "तवापून देवळात डोळे मिटायची हिंमत होत न्हाई बाई. मिटले की आपून लई चांगले हाओत असं वाटाया लागते."

सभेत अण्णांनी एकच अहवाल दिला. "मी हात घालून पाह्यला. बाई खरी हाय. ताट द्या तिला." स्तुतीकाका म्हणाले, "पण अण्णा, कुंकू तर दिसतं ना!" अण्णा म्हणाले, "तेवढंच दिसून राहिलं तुमाला." पंचांना ते पटलं नाही. पाळकसाहेबांनी विचार करायला वेळ मागितला. पुढच्या प्रभुभोजनाला अण्णा खिडकीकडचा बाक सोडून शेवटच्या बाकावर, मार्थाबाईशेजारी जाऊन बसले. ताट आलं तेव्हा त्यांनीही हात पुढे केला नाही. "हिला द्यान तवा मी घेईन," म्हणाले. त्यानंतरच्या महिन्यातही तेच. मग संशयाचं तोंड त्यांच्याकडेच वळलं. म्हातारा फिरला, बाईने काहीतरी खाऊ घातलं, याचाच विश्वास आधीपासून कच्चा असणार, नाहीतर प्रार्थनेत डोळे उघडे का? अण्णांच्या कानावर हे गेलं, तेव्हा ते खूश झाले. "बराबर हाय. माझाबी संशय घ्याया पायजे," म्हणाले.

ताट न घेताच ते गेले. छातीत दुखतं म्हणाले आणि हिंगोलीला नेईपर्यंत संपलं. त्यांच्या अंगणात उघडी शवपेटी ठेवली होती, तिच्यापाशी मी उभी होते. स्तुतीकाकांनी मोठी प्रार्थना धरली. सगळ्या माना खाली गेल्या, डोळे मिटले. मी मुद्दाम मिटले नाहीत. अण्णांची जागा रिकामी राहू नये, एवढंच मनात होतं. म्हणून मला दिसलं. मार्थाबाई गर्दीतून पुढे आली, पेटीशी बसली आणि अण्णांच्या चेहऱ्यावरच्या माशा पदराने हाकलायला लागली. प्रार्थना संपत नव्हती आणि तिचा हातही थांबत नव्हता. नजर उचलली तर समोर पाळकसाहेब. त्यांचेही डोळे उघडे होते आणि तिच्याकडेच लागले होते.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी ताट पंचांच्या हाती दिलंच नाही. स्वतः उचललं, मधल्या वाटेने शेवटच्या बाकापर्यंत गेले आणि कुंकवाकडे न बघता मार्थाबाईपुढे धरलं. तिने भाकरीचा तुकडा घेतला, पण बराच वेळ तोंडात घातला नाही. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

पाळकसाहेबांनी हे मनापासून केलं की मेलेल्या माणसाच्या धाकाने, याचा मला अजून संशय आहे. एखाद्या बुधवारी त्यांच्याही घरी जाणार आहे. स्तुतीकाकांच्या आईची बाज आता घरात आली आहे, ती किती दिवस राहते तेही बघायचं आहे. तूर्त बुधवारी शाळा सुटली की माझी स्कूटी मार्थाबाईच्या वस्तीकडे वळते. मी गेले की ती कुंडलिकरावांच्या अंगावरचं पांघरूण बाजूला करते आणि म्हणते, "घाला हात बाई. अन्नानं घातला व्हता तसा." पहिल्यांदा मला फार संकोच वाटला. पण कुंडलिकरावांनी पापणी हलवली. मग मी बाही वर सारली, डोळे मिटले आणि हात घातला.