सुषमाचे बल्बचे विनोद

नांदेडहून सुषमाच्या मुलीचा फोन आला, "मावशी, आई गेली," तेव्हा माझ्या मनात आधी शंकाच आली... ही सुषमाचीच काही गंमत तर नाही? तिच्या बाबतीत माझं मन कायम असंच चाललं.

आमची ओळख झाली तेव्हा लातूर जिल्हा नवा होता. कचेरीत आम्ही टायपिस्ट बायका, आणि काही वर्षांनी आलेला एकच कॉम्प्युटर. तो चालवायला रेणापूरची सुषमा कांबळे आली. आता टायपिस्ट घरी बसणार, असं सगळेच म्हणत होते, त्यामुळं तिच्याशी कुणी बोलेना. ती मात्र डबा घेऊन आमच्यातच बसायची आणि स्वतःच्याच धंद्यावर विनोद सांगायची. "बल्ब गेला तर कॉम्प्युटरवाला काय म्हणतो? माझ्या टेबलावर तर उजेड हाय, तुमचेच डोळे तपासा." बाकीच्या हसायच्या. मला वाटायचं, ही आम्हाला गाफील करतेय.

त्या वर्षी दुष्काळ पडला. गावात घागरीवरून भांडणं, आणि कॉम्प्युटरच्या खोलीतल्या कूलरला मात्र रोज पाणी. ते ती घरी नेते, अशी कुजबूज सुरू झाली. एका दुपारी मी मुद्दाम आत शिरले. कूलर कोरडा, सुषमा घामानं निथळत बसलेली. पाणी कुठं जातं, असं विचारल्यावर तिनं खिडकीकडं बोट केलं. मागं शिपाई सफाईवाल्या बायकांच्या कळशीत बादली ओतत होता.

"मशीनला तहान लागत न्हाई," ती म्हणाली. "आलीसच तर बस, शिकवते."

त्यातही मला काळंबेरं दिसलं. तरी रोज बसत गेले. उन्हाळ्यातच मशीन तापून बंद पडलं, चौकशी झाली आणि तिची नांदेडला बदली झाली. तिच्या जागी कोण, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तिनं माझं नाव सांगितलं. पुढं टायपिस्टच्या जागा गेल्या, माझी नोकरी राहिली. माझंच नाव का, असं मी तिला ती नांदेडला निघाली तेव्हा एसटी स्टँडवर विचारलं होतं.

"तुझा कशावरच विश्वास नसतो. मशीनवर असंच माणूस पाहिजे."

परवा नांदेडला गेले. तिच्या खोलीतला बल्ब गेला होता. मी स्टुलावर चढले, होल्डर पाहिला, वायर पाहिली, मग नवा बल्ब लावला. उजेड पडला. खाली उतरून मी पुन्हा बटणाकडं हात नेला, तशी मुलगी हळूच म्हणाली, "आई सांगायची... बल्ब लागला तरी मावशी एकदा बंद करून बघणारच."

मी बंद करून बघितला.