थोरलीचा घाटा, धाकटीच्या वड्या

साळूबाईला मत्सर कुणी शिकवायची गरज नव्हती. मी तिची भिंतीपलीकडची शेजारीण, म्हणून छातीठोकपणे सांगते. धाकट्या जावेच्या, लंकाबाईच्या कोंबडीनं एखादं अंडं जास्त घातलं, तरी हिची भाकरी करपायची.

वाटण्या झाल्या तेव्हा चुली दोन झाल्या आणि सासरे, आसाराममामा, थोरलीकडे राहिले. साळूबाईला त्याचा भारी तोरा. म्हाताऱ्याचं ताट तिच्या घरात, म्हणून मान तिचा. ते ताट हललं असतं, तर सुनेनं सासऱ्याला हाकललं, ही बातमी काष्टीच्या बाजारापर्यंत गेली असती.

बहात्तरच्या दुष्काळात ज्वारी बुडाली आणि रेशनवर मका आला. त्याचा भरडा मिठाच्या पाण्यात रटरटवून साळूबाई दोन्ही वेळेला घाटा करायची आणि दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घाटा गरम असेपर्यंत कसाबसा घशाखाली उतरे, गार झाला की त्याचा गोळा. उरलेला ती म्हशीपुढं टाकायची. मग लंका मागू लागली, "आक्का, आमच्या शेळीला द्या की." साळूबाईनं दिला, आणि धाकटीची शेळीसुद्धा माझ्या जिवावर जगते, असं आळीभर सांगून घेतलं.

पण मामा रात्री ताटावरून लवकर उठायला लागले. "भूक न्हाई," म्हणायचे. मिशीला मात्र लसणाचा वास. आणि एवढा घाटा खाऊन शेळी होती तशीच, नुसता बरगड्यांचा सापळा. साळूबाईच्या डोक्यात किडा वळवळला. एक दिवस खडीवरून ती मधल्या सुट्टीतच परतली आणि घरी न जाता लंकाच्या दारात उभी राहिली.

परातीत रात्रीचा घाटा थापून घट्ट झालेला होता. लंका दोऱ्यानं त्याच्या वड्या पाडत होती. तव्यावर तेलाचं बोट फिरवून, लसूण-मिरचीचा ठेचा लावून ती त्या दोन्ही बाजूंनी खरपूस करी. मोडलेल्या तुकड्यांत कुळथाचं पीठ मळून थालीपीठ लावी. अगदीच चुरा उरला तर तो ताकात. चुलीपुढं मामा मांडी घालून जेवत होते.

"माझा घाटा, आन् नाव तुझं व्हय गं?" साळूबाई म्हणाली.

"तुमी म्हशीम्होरं टाकीत हुता, आक्का."

"शेळीचं नाव सांगून नेलास."

"मामांसाठी म्हनले असते, तर दिला असता?"

नसताच दिला. ते साळूबाईलाही ठाऊक होतं. मामांनी मान वर केली नाही, ते खातच राहिले. तिला तेच जास्त झोंबलं. खरं सांगायचं तर तो लसणाचा वास भिंतीवरून आला की माझाही जळफळाट व्हायचा. पण मी तो गिळायचे, साळूबाईला गिळता येत नव्हता.

लंकाला घाटा द्यायचा नाही, असं तिनं तिथंच ठरवलं. त्याच संध्याकाळी घाटा उतरवल्या उतरवल्या परातीत थापला. रात्रभर थांबायला धीर कुणाला होता? आठवड्याचं तेल तव्यावर ओतलं, लंकापेक्षा दुप्पट लसूण ठेचला आणि गरमागरम वड्या सोडल्या. उलथनं लागताच त्यांचा लगदा झाला. तोच तिनं मामांपुढं वाढला आणि पदराशी चाळा करत समोर बसली. आज मामांनी चांगलं म्हणावं, बाकी तिला काही नको होतं.

मामांनी घास घेतला, पाणी प्यायले, पुन्हा घास घेतला. आज त्यांनी ताटात काही टाकलं नाही.

"चव हाय," ते म्हणाले.

साळूबाईचा चेहरा उजळला.

"उद्या भरडा जरा जादा टाक, पोरी. धाकटीला उरला पायजे."

ताट तर अजून तिच्याच घरात होतं, आणि ते तिथंच ठेवायचं तर एवढं ऐकणं भाग होतं. दुसऱ्या दिवसापासून ती दोन मुठी जास्त टाकू लागली आणि हात भरून येईपर्यंत घाटा घोटू लागली. वड्यांचं कौतुक लंकाचंच होणार होतं, पण वडीत गाठ लागली असती, तर मामांनी नाव साळूबाईचं घेतलं असतं.